एकाच नॅनोकणात औषध आणि प्रतिमा: एका सिनॉप्सिसच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी विषय निवडला आहे: पीएलजीए या शरीरात हळूहळू तुटणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांत कर्क्युमिन हे हळदीतील द्रव्य आणि एक चमकणारा रंग एकत्र भरायचा, कणांच्या पृष्ठभागावर कर्करोगाच्या पेशींना ओळखणारा रेणू बसवायचा, आणि गाठीवर उपचार व गाठीची प्रतिमा ही दोन्ही कामे त्याच कणांकडून करून घ्यायची. गाईडनी तोंडी होकार दिला आहे, सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, अजून जमा व्हायचा आहे. शोधनिबंधांचा एवढा ढीग असताना रुग्णालयात असली औषधे का दिसत नाहीत, आणि मग हा विषय घ्यावा की सोडावा, अशी तिची शंका आहे. पुढचे सारे तिलाच उद्देशून.

विषय घ्यावा, मात्र दोन्ही कामे एकाच कणाच्या गळ्यात बांधू नयेत आणि कर्क्युमिनचा पुन्हा विचार करावा, असे माझे मत आहे. पॉलिमरचे जे वाहक खरोखर रुग्णापर्यंत पोहोचले, ते नेम धरून गाठ गाठतात म्हणून पोहोचले नाहीत. शरीर परक्या कणांना जिथे नेतेच तिथला उपयोग ज्यांनी ओळखला, किंवा औषधाच्या बाटलीतली एखादी जुनी अडचण ज्यांनी दूर केली, ते टिकले. तुमच्या सिनॉप्सिसमधील प्रत्येक परिच्छेद या कसोटीवर तपासून पाहा.

रुग्णालयात काहीच दिसत नाही, हे मात्र खरे नाही. पीएलजीएमध्ये ल्युप्रोलाइड हे औषध भरलेले डेपो (साठा करून हळू सुटणारे) इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरात आहे. त्याचे कण मायक्रॉनच्या मापाचे आहेत, नॅनोच्या नव्हे. पण पॉलिमर तोच, आणि तत्त्वही तेच. स्नायूत टोचलेले कण तिथेच बसून राहतात, पाण्याने हळूहळू तुटतात आणि औषध सुटत राहते. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाची गोष्ट अधिक बोलकी आहे. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते क्रेमोफोर ईएल (एरंडेलापासून केलेला विद्रावक) आणि अल्कोहोलच्या मिश्रणात द्यावे लागे. या क्रेमोफोरमुळेच अनेकांना तीव्र ॲलर्जी होई, त्यामुळे सलाईन लावण्याआधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे देणे भाग पडे. २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या अब्राक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले आहे. दक्षिण कोरियातील जेनेक्सॉल-पीएममध्ये तेच औषध पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिमरांच्या मिसेलमध्ये (साखळ्या एकत्र येऊन झालेल्या सूक्ष्म गोळ्यांत) बसवले आहे. आपल्याकडे डाबर फार्माने नॅनोक्सेल आणले, तेही पॉलिमरच्याच आधारावर. या तिन्हींच्या पृष्ठभागावर गाठ ओळखणारा कोणताही रेणू बसवलेला नाही. क्रेमोफोर गेला, मात्रा वाढवता आली, आणि एवढ्या कामावर ती बाजारात उभी राहिली.

आता नेम धरण्याकडे येऊ, कारण तुमच्या सिनॉप्सिसची मदार त्यावरच आहे. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले की गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि लसीकेचा (लिम्फचा) निचरा अपुरा असतो, त्यामुळे मोठे रेणू गाठीत शिरतात आणि तिथेच अडकतात. यालाच ईपीआर (वाढीव पारगम्यता आणि धारणा) परिणाम म्हणतात आणि जवळपास प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर तो येतो. सहसा सांगितले जात नाही ते असे की हा परिणाम उंदरांत जेवढा ठळक दिसतो तेवढा माणसांत दिसत नाही, आणि माणसामाणसांत, इतकेच काय एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही, तो बदलतो. वीस ग्रॅमच्या उंदरात दोन-तीन आठवड्यांत एक ग्रॅमची गाठ वाढवली, तर ती त्याच्या वजनाच्या पाच टक्के होते; साठ किलोच्या माणसात याच प्रमाणाची गाठ तीन किलोंची भरेल. अशा गाठीत कण साचले, यात नवल ते काय! २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात त्याआधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग एकत्र तपासले गेले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्या वाट्याचा मध्यक ०.७ टक्के निघाला. या आकड्यावर नंतर बराच वाद झाला, मोजण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो हे खरे आहे. पण मोठा वाटा दुसरीकडेच जातो, याबद्दल कोणाचे दुमत नाही.

दुसरीकडे म्हणजे प्रामुख्याने यकृतात आणि प्लीहेत. कण रक्तात उतरताच त्यावर प्रथिनांचा थर चढतो आणि यकृतातील कुप्फर पेशी त्याला परका म्हणून उचलतात. सुमारे सहा नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले बहुतेक कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतात, दोनशेच्या वर गेलेले प्लीहेत अडकू लागतात. कणावर पीईजीचे आवरण चढवले की तो रक्तात अधिक काळ फिरतो, हे १९९४ मध्ये रॉबर्ट लँगर या अमेरिकी संशोधकाच्या गटाने पीएलजीए आणि पीईजीच्या कणांवर दाखवले. पण त्यालाही मर्यादा आहेत. काही लोकांच्या रक्तात पीईजीविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून असतात, आणि काही वाहकांच्या बाबतीत दुसरी मात्रा पहिलीपेक्षा लवकर रक्तातून नाहीशी होते.

पृष्ठभागावर बसवलेल्या रेणूबद्दल एवढे ध्यानात ठेवा की तो कणाला गाठीपर्यंत नेत नाही. कण रक्ताच्या प्रवाहाने आणि नशिबाने तिथे पोहोचलाच, तर पेशीला चिकटायला मदत करतो. शिवाय पृष्ठभागावर काहीही चढवले की पीईजीचे आवरण थोडेफार बिघडते आणि यकृताचा वाटा वाढू शकतो. बाइंड-०१४ या औषधात पीएलजीए किंवा पॉलिलॅक्टिक आम्लावर आधारलेल्या कणांत डोसेटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध होते आणि प्रोस्टेटच्या पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन ओळखणारा रेणू पृष्ठभागावर होता. रसायनशास्त्र नीटनेटके होते, उत्पादनही शिस्तीचे होते. तरी रुग्णांवरील चाचण्यांत अपेक्षित यश आले नाही आणि २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढे पाठबळ असताना जे जमले नाही, ते एम.फार्म.च्या एका वर्षात साधण्याचे वचन सिनॉप्सिसमध्ये देऊ नये.

प्रतिमेच्या बाजूला अडचण वेगळी आहे आणि ती आकड्यांत मांडली की लगेच उमगते. दीड चौरस मीटर पृष्ठभागाच्या रुग्णाला पॅक्लिटॅक्सेल १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर या हिशेबाने द्यायचे तर सुमारे २६० मिलिग्रॅम औषध लागते. कणांतील औषधभार, म्हणजे कणाच्या वजनात औषधाचा वाटा, पाच टक्के असेल, तर त्यासाठी पाच ग्रॅमहून अधिक कण शिरेत सोडावे लागतील. भार एक टक्का असेल तर सव्वीस ग्रॅम. आता त्याच कणांतून एमआरआयची प्रतिमा हवी असेल, तर प्रतिमा ठळक करणाऱ्या गॅडोलिनियम या धातूची नेहमीची मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ एक ग्रॅम धातू. उलट टेक्नेशियम या किरणोत्सारी धातूने प्रतिमा घ्यायची तर धातूचे वजन नॅनोग्रॅमच्या घरात असते. म्हणजे एका प्रतिमेसाठी कण भरभरून द्यावे लागतात, दुसरीसाठी चिमूटभरही जास्त होतात, आणि औषधाची गरज या दोन्हींशी जुळत नाही.

वेळेचे गणित तर त्याहून अवघड. प्रतिमेत गाठ उठून दिसायची तर आजूबाजूच्या रक्तातून पदार्थ लवकर निघून गेला पाहिजे. औषधाचा वाहक मात्र तासन्तास, शक्य तर दिवसभर, रक्तात फिरत राहावा म्हणून आपण त्याला पीईजी लावतो. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल सहा तास आणि फ्लोरिन-१८चा ११० मिनिटे. कण गाठीत साचेपर्यंत यांचा बराचसा किरणोत्सर्ग ओसरलेला असतो. कणांचा प्रवास दिवसेंदिवस पाहायचा तर सुमारे ७८ तास अर्धायुकाल असलेले झिर्कोनियम-८९ अधिक सोयीचे, पण ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करावे लागते. तुम्ही ज्या चमकणाऱ्या रंगाचा विचार करत आहात, त्याचा प्रकाश शरीरातून फार तर एखाद्या सेंटिमीटरपर्यंत उपयोगी पडतो, आणि तोही जवळच्या अवरक्त पट्ट्यातील रंग असेल तरच. उंदराच्या पाठीवरील गाठ त्याने छान दिसते. माणसाच्या स्वादुपिंडातील गाठ दिसणार नाही.

मग पॉलिमर आणि प्रतिमा यांचे नाते जमतच नाही का? जमते, आणि मला स्वतःला या विषयाचा हाच भाग सर्वात रोचक वाटतो. डेक्सट्रान या शर्करेच्या पॉलिमरने वेढलेले लोह-ऑक्साइडचे कण फेरिडेक्स या नावाने १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी मान्य झाले होते. कुप्फर पेशी ते कण खातात, त्यामुळे निरोगी यकृत टी-२ प्रतिमेत काळवंडते. कर्करोगाच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात, म्हणून ती उजळ राहते. औषधशास्त्रज्ञ ज्या यकृताच्या नावाने बोटे मोडतो, तेच यकृत इथे कामाला आले. हे उत्पादन पुढे बाजारातून गेले, पण त्यामागचा विचार आजही पक्का आहे. टिल्मॅनोसेप्ट हे दुसरे उदाहरण. डेक्सट्रानचाच कणा, त्यावर मॅनोज शर्करा आणि टेक्नेशियम धरून ठेवणारा डीटीपीए, एकूण आकार सुमारे सात नॅनोमीटर. त्वचेखाली टोचल्यावर तो लसीकावाहिन्यांतून पहिल्या लसीकाग्रंथीपर्यंत जातो आणि तिथल्या मॅक्रोफेज पेशींवरील सीडी-२०६ या ग्राहकाला मॅनोजमुळे चिकटून बसतो. पुढच्या ग्रंथींत फारसा झिरपत नाही. २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगात आणि मेलॅनोमात ग्रंथी शोधण्यासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हेच काम आपल्याकडे अनेक शल्यचिकित्सक मिथिलीन ब्लूच्या निळ्या रंगावर भागवतात. इथे चिकटणारा रेणू कामी आला, याचे कारण उघड आहे: लसीकेची वाट कणाला तिथपर्यंत नेतेच, रेणूने फक्त मुक्काम पक्का करायचा असतो.

तिसरे उदाहरण तुमच्या विषयाला सर्वात जवळचे आहे. फेरुमॉक्सिटॉल हे शर्करेच्या सुधारित पॉलिमरने वेढलेले लोह-ऑक्साइड २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातील लोहाच्या कमतरतेसाठी मान्य झाले. ते रक्तात बराच वेळ राहत असल्याने काही रेडिऑलॉजिस्ट ते एमआरआयसाठीही वापरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना आधी फेरुमॉक्सिटॉल देऊन गाठींत ते किती साचते हे मोजले आणि नंतर लायपोसोममधील (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांतील) इरिनोटेकॅन हे कर्करोगाचे औषध दिले. ज्या गाठींत लोह जास्त साचले, त्या औषधाने अधिक आकसल्या असा कल दिसला. यात औषध आणि प्रतिमा वेगवेगळ्या कणांत होते. आधी प्रतिमेने विचारायचे की या रुग्णाच्या गाठीत कण शिरतात का, आणि होकार आला तरच वाहकातील महाग औषध द्यायचे. ईपीआर माणसागणिक बदलतो ही अडचण असेल, तर तिच्यावर आजघडीला सुचलेला सर्वात समजूतदार उपाय हा आहे.

आता तुमच्या प्रयोगशाळेच्या टेबलाकडे वळू. कर्क्युमिन का निवडले असेल, हे मी समजू शकतो: हळदीची पेठ शेजारच्या सांगलीत, पदार्थ स्वस्त, रंग डोळ्यांना दिसतो, शिवाय तो स्वतःच चमकतो. नेमक्या याच गुणांनी विद्यार्थी फसतात. पीएलजीए आणि कर्क्युमिन ॲसिटोनमध्ये विरघळवून ते द्रावण पोलोक्झॅमर हे कण स्थिर ठेवणारे द्रव्य घातलेल्या पाण्यात, मॅग्नेटिक स्टररवर, थेंबाथेंबाने सोडले की क्षणात बीकरमध्ये पिवळसर दुधाळपणा येतो. रिकाम्या कणांत हाच दुधाळपणा किंचित निळसर दिसतो आणि तो चांगल्या, लहान कणांची खूण असतो. पिवळ्या रंगाखाली ही खूणच झाकली जाते. कणांत न गेलेले कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक स्फटिक होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये हे स्फटिक कणांबरोबरच तळाशी बसतात. मग वरचे पाणी तपासले तर त्यात कर्क्युमिन जवळजवळ सापडतच नाही, आणि वहीत ‘एनकॅप्सुलेशन ९५ टक्के’, म्हणजे इतके औषध कणांत शिरले, अशी नोंद होते. यातले किती कणांत आहे आणि किती स्फटिकांत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आधी कमी वेगाने फिरवून स्फटिक वेगळे काढावेत, मग कण बसवावेत आणि तळाच्या कणांतील औषध प्रत्यक्ष विरघळवून मोजावे. वजाबाकीवर विसंबू नये.

औषध सुटण्याच्या प्रयोगातही असाच पेच आहे. पीएच ७.४च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर, विरघळलेले कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतांश विघटित होते. सीरम असलेल्या माध्यमात हा वेग मंदावतो. तुम्ही कण भरलेली डायलिसिस बॅग (फक्त लहान रेणू जाऊ देणारी पिशवी) बाहेरच्या बफरमध्ये ठेवून चोवीस तासांनी नमुना घेतला, तर जे मोजाल ते सुटलेले औषध नसून सुटून शिल्लक राहिलेले औषध असेल. आलेखाची रेघ अगदी सावकाश चढेल आणि तुम्ही तिला ‘दीर्घकाळ चालणारी मुक्तता’ म्हणाल. बॅगेच्या पडद्यामुळे मोकळे औषधही उशिरानेच बाहेर येते, ही आणखी एक भर. म्हणून मोकळे औषध बॅगेत भरून त्याचा आलेख सोबत काढलाच पाहिजे, आणि शेवटी कणांत उरलेले, बाहेर आलेले आणि विघटित झालेले यांची बेरीज सुरुवातीच्या वजनाशी जुळली पाहिजे. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक हा हिशेब मागतात, आणि मागावाच.

रंगाबद्दल एक गोष्ट जपून वाचा. कौमारिन-६ किंवा नाइल रेडसारखे तेलात विरघळणारे रंग पीएलजीएत नुसते भरले, तर कण पेशीत न शिरताही, केवळ पेशीच्या पटलाला टेकले तरी, रंग कणातून निघून पटलात जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुंदर चमकताना दिसतात आणि कण आत गेले अशी ओळ लिहिली जाते. कर्क्युमिन स्वतः तेलकट आणि चमकणारे असल्याने तुमच्या प्रयोगात रंग कोणाचा, औषधाचा की कणाचा, हे वेगळे करताच येणार नाही. रंग पॉलिमरच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेला असेल, तरच तो कणाची साक्ष देतो.

पॉलिमर साठवण्याबाबत थोडेसे, कारण जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेत पाणी भरलेले असते. पीएलजीएची बाटली उणे वीस अंशांवरून काढून तशीच उघडली, तर भिंतींवर आणि पुडीवर दव धरते आणि साखळी तिथूनच तुटायला लागते; बाटली बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच उघडावी. ५०:५० पीएलजीएचे काचसंक्रमण तापमान (ज्यावर पॉलिमर मऊ पडू लागतो) कोरड्या अवस्थेत साधारण पंचेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि ओलाव्याने ते आणखी खाली येते. म्हणून ओले कण ओव्हनमध्ये वाळवले की एकमेकांना चिकटून पापडी तयार होते. ट्रेहॅलोज ही शर्करा घालून फ्रीज ड्रायरमध्ये वाळवणे हाच मार्ग आहे. जाता जाता, विद्यार्थी दरवर्षी विचारतात म्हणून: साखरेच्या किण्वनातून लॅक्टिक आम्ल आणि त्यातून पॉलिमर बनतो हे खरे आहे, पण आपल्या जिल्ह्यातील साखर आणि इंजेक्शनच्या दर्जाचे पीएलजीए यांच्यामध्ये कथिलाच्या उत्प्रेरकाचे अवशेष, उरलेले मोनोमर, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) आणि साखळीच्या लांबीवरचे नियंत्रण एवढ्या खिंडी आहेत.

तेव्हा सिनॉप्सिस असा बदलावा असे मी सुचवीन. कर्क्युमिनऐवजी असे औषध घ्या ज्याची एचपीएलसी (औषध वेगळे करून मोजण्याची) पद्धत भरवशाची आहे, जे बफरमध्ये टिकते आणि ज्याच्या सध्याच्या इंजेक्शनमध्ये खरोखर काही अडचण आहे. डोसेटॅक्सेल चालेल, त्याच्या बाटलीतील पॉलिसॉर्बेट ८० हा विद्रावक हीच ती अडचण. गाठ ओळखणारा रेणू वगळा. कणांच्या दोन जाती करा: एकीत औषध, दुसरीत साखळीला जोडलेला रंग, आणि आकार, पीडीआय (आकारातील विविधता) व झीटा पोटेन्शियल (पृष्ठभागावरील विद्युतभार) या तिन्हींत त्या दोन्ही जुळतात हे दाखवा. रंगाच्या कणांवरून औषधाच्या कणांचे वर्तन किती भाकीत करता येते, हा प्रबंधाचा प्रश्न करा. उत्तर नकारार्थी आले तरी प्रबंध उभा राहतो, ही त्यातली सोय आहे. पेशींवरील प्रयोगात मोकळे औषध, रिकामे कण, आणि रिकामे कण अधिक मोकळे औषध असे तीनही नियंत्रक ठेवा. तिसरा सहसा गाळला जातो आणि तोच सर्वात जास्त सांगतो. औषधभार टक्केवारीबरोबर प्रति ग्रॅम कणांत किती मिलिग्रॅम असाही लिहा, म्हणजे वर केलेला माणसाच्या मात्रेचा हिशेब वाचणारा स्वतः करू शकेल.

नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी भारताची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने आयसीएमआर आणि औषध नियंत्रकांच्या संस्थेसोबत काढली आहेत; त्यांतील गुणधर्मांची यादी समोर ठेवूनच चाचण्या ठरवा, नंतर जुळवाजुळव करू नका. उंदरांवरील काम या वर्षी टाळावे. प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत सत्र संपत येते, आणि वर सांगितलेले काम नीट झाले तर त्याची गरजही पडत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात किंवा अन्यत्र नमुने द्यायचे असतील, तर वाळवण्याआधीचा आणि वाळवून पुन्हा पाण्यात पसरवलेला असे दोन्ही नमुने एकाच दिवशी द्या. वाळवल्यावर आकार दुप्पट झाला असेल, तर ते तुम्हाला परीक्षकांच्या आधी कळलेले बरे. सर्वात आधी, औषध किंवा रंग काहीही न घालता, रिकाम्या कणांच्या तीन बॅच तीन वेगळ्या दिवशी करून पाहा आणि त्यांचे आकडे जुळल्याशिवाय सिनॉप्सिसवर गाईडची सही घेऊ नका.